शहाण्णव किलोमीटरचं कुडाळ

आमच्या गावात लिफ्ट मागणं म्हणजे तोंडी परीक्षा. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात केला की गाडी थांबते. आमच्याकडची माणसं थांबतातच, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण काच खाली येते आणि पेपर सुरू होतो. कोणाची गो तू? मालवणात इंग्लिश शाळेत होता ता चेडू तूच मां? शिकान झाला? मगे आता काय? लगीन? गाडी पहिला गिअर टाकायच्या आत माझी सगळी उत्तरं संपलेली असत आणि कुडाळ अजून पंचवीस किलोमीटर लांब असे. त्यात माझी मालवणी शाळेच्या गणवेशासारखी, इस्त्री केलेली. मी ‘माका’ म्हटलं तरी लोक हसतात.

म्हणून मी ते केलं. काकी महिला गटाच्या सभेत सांगते की आमच्या पोरीने हे गावासाठी केलं. खरं म्हणजे मी ते प्रश्न चुकवण्यासाठी केलं.

वाडीतून रोज सकाळी पाच-सहा गाड्या कुडाळकडे जातात आणि बहुतेक प्रत्येकीत एकच माणूस असतो. उरलेल्या सीटवर पिशवी, छत्री आणि हवा. एसटी वेळेवर येते, पण तिची वेळ आणि माझी वेळ जुळत नाही. मी एक फॉर्म तयार केला. संध्याकाळी सातपर्यंत गाडीवाल्याने लिहायचं की किती वाजता निघणार आणि किती जागा आहेत. जाणाऱ्याने लिहायचं की कधी आणि कुठे जायचंय आणि बरोबर सामान काय. मग माझ्या जुन्या लॅपटॉपवरचा प्रोग्राम जुळणी करायचा आणि ज्याच्या त्याच्या फोनवर निरोप जायचा: सकाळी आठ, पांढरी गाडी, पिंपळाखाली, पुढची सीट. पैसे घ्यायचे नाहीत हा नियम. गाडीवाल्याने परत आल्यावर गाडी किती किलोमीटर चालली तेवढं लिहायचं. महिन्याभरात ज्याची गाडी सगळ्यांत जास्त चालली त्याला काकीच्या हातच्या आंबोशीच्या लोणच्याची बरणी.

सगळं काकीच्या गटाच्या नावाने सुरू झालं. हा कम्प्युटर मुंबईत कुठेतरी असतो अशी कोणीतरी आवई उठवली. मी ती खोडून काढली नाही. त्यामुळे मागच्या सीटवर बसून मी मजेत स्वतःबद्दलच्या शिव्या ऐकत असे.

“मेल्या कम्प्युटराक अक्कल नाय,” असं एकदा एका माणसाने माझ्या शेजारीच बसून सांगितलं. “माका नेमको तेच्याच वांगडा बसवल्यान.”

तो म्हणजे त्याचा शेजारी, आणि तो माझ्या दुसऱ्या बाजूला होता. बांधावरच्या फणसावरून दोघांचं सात वर्षं बोलणं बंद. त्यांना एका गाडीत कम्प्युटरने नाही, मीच घातलं होतं, आणि काय होतं ते बघायला मधे जाऊन बसले होते. होणार काय? दोघेही गाडीवाल्याशी बोलत होते. “ह्येंका सांगा काच जरा वर करूक.” “ह्येंका सांगा, माका उकाडता.” गाडीवाला बिचारा मान वळवून वळवून निरोप पोचवत होता. तिसऱ्या आठवड्यात एकाने दुसऱ्याला थेट विचारलं, “उतारतास?” तेवढंच. पण मी घरी येऊन काकीला सांगितलं तेव्हा ती चहा ओतायची थांबली होती.

हे सगळं नंतरचं. पहिल्या आठवड्यात फॉर्म कोणी भरलाच नव्हता. मी लॅपटॉपसमोर बसून बसून कंटाळले. शेवटी काकीने माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“गो, ह्या काय इचारलंस? ‘कुठे जायचंय?’”

“मग गाडी कशी जुळवणार?”

“भायर सरताना माणसाक खंय चललंस म्हणान इचारूचा नसता. काम होवचा नाय तेचा. शाळेत तुमका ह्या शिकवूक नाय?”

शाळेत आम्हाला पोलाइट क्वेश्चन्स शिकवले होते. मला वाटलं, सरळ प्रश्न त्रास देत असेल, म्हणून मी तो काढून चौकोन ठेवले. मालवण, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली. नुसती टिचकी मारायची. मग गर्दी झाली, पण गंमत अशी की सगळ्यांची टिचकी कुडाळवर. ज्याचं काम महत्त्वाचं त्याची तर हमखास. कोर्टाची तारीख, कुडाळ. पोराला स्थळ बघायचंय, कुडाळ. दोन महिन्यांत माझ्या कम्प्युटरच्या हिशोबी आमच्या गावातून सावंतवाडीला एकही माणूस गेला नव्हता. मात्र कुडाळला गेलेल्यांच्या पिशव्यांतून परत येताना सावंतवाडीची लाकडी केळी आणि आंबे डोकावत. कुडाळला उतरायचं, मुकाट्याने पुढची एसटी धरायची, काम करायचं, तसंच परत यायचं. गाडीवालेही तसेच. माणसं सोडायची, आपणही इथेच असं म्हणायचं आणि कोपऱ्यावर वळून पुढे जायचं. मागच्या सीटवर मी हे सगळं बघून मनातल्या मनात हसत होते.

मग माझीच वेळ आली.

घरात ठरलं होतं की पुढच्या महिन्यात मी ठाण्याला मामाकडे जायचं. त्याच्या ओळखीच्या ऑफिसात जागा होती. दिवसभर फोनवर अनोळखी लोकांशी बोलायचं काम. मी ‘नको’ म्हटलं असतं तर ‘मग हय काय करतलंस?’ हा प्रश्न आला असता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात सावंतवाडीच्या एका शाळेत कम्प्युटर शिकवायची जागा निघाल्याचं मला कळलं. मी गुपचूप अर्ज केला. गुपचूप बोलावणं आलं. मंगळवार, सकाळी साडेदहा, उशीर झाल्यास विचार केला जाणार नाही. ही जागा मिळाली तर मी इथे राहणार, नाहीतर मामा आणि फोन.

सोमवारी संध्याकाळी फॉर्म उघडला. समोर चार चौकोन. मी शिकलेली मुलगी. बाहेर पडताना विचारल्याने कामं बिघडतात यावर माझा विश्वास नाही. शिवाय यादी काकी बघते, आणि नोकरी नाही मिळाली तर घरभर झालेली चर्चा मला नको होती. ही दोन्ही कारणं मी स्वतःला नीट समजावून सांगितली आणि कुडाळवर टिचकी मारली.

सकाळी आठला पिंपळाखाली बँकवाले काका आले. मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, चष्मा जाड. गाडी ते तीसच्या वर नेत नसत. लोक म्हणत, गाडी जपतात. मागच्या सीटवर मासेवाली मावशी आधीच बसलेली होती. ती रोज कुडाळच्या बाजारात मासे घेऊन बसते. तिच्या टोपलीसाठी मी फॉर्ममध्ये ‘ओलं सामान’ असा वेगळा रकाना केला होता. आज टोपली नव्हती. काठाची साडी आणि केसात अबोलीचा वळेसर.

“मावशे, आज टोपली नाय ती?” काका आरशातून म्हणाले.

“वारो सुटलोहा. मासळी नाय.”

झाडाचं पान हलत नव्हतं. मावशीने विषय माझ्याकडे वळवला. आमच्याकडे कुठे चाललीस हे विचारत नाहीत, याचा अर्थ काहीच विचारत नाहीत असा नव्हे.

“आनी तू गो बाय, फायल घेवन?”

“दात दुखतोय.”

“दाताची फायल?”

“एक्स-रे आहे आत.”

तिने फाईलची जाडी डोळ्यांनी मापली. “मोठे दात आसतले,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

नऊला पाच कमी असताना कुडाळ आलं. काकांनी स्टँडसमोर गाडी थांबवली. “कुडाळ इला,” ते म्हणाले. मागे कोणी हललं नाही. “माझा हयच काम आसा,” ते परत म्हणाले. “माझापण हयच,” मावशी म्हणाली. “माझंही,” मी म्हणाले. आम्ही उतरलो आणि काका कोपऱ्यावर वळले.

स्टँडवर सावंतवाडीची एसटी उभी होती. सुटायला दहा मिनिटं होती, अर्धी रिकामी. मला फक्त चढायचं होतं. पण मावशी फुलवालीसमोर उभी राहून अबोलीचे भाव विचारत होती. तिच्या केसांत अबोली आधीच होती. ती गेली की चढू, असं म्हणून मी वेळापत्रकाचा फलक वाचू लागले. तिने जायचं नाव घेतलं नाही. मी फलक दुसऱ्यांदा वाचला. ती एकदा एसटीकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा फुलांकडे. कंडक्टरने घंटी मारली. माझा पाय हलेना. चढले असते तर मावशीच्या तोंडून दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला आणि संध्याकाळपर्यंत घराला कळलं असतं. एसटी आमच्या दोघींच्या मधून, अर्धी रिकामी, निघून गेली.

तिच्या मागे बघताना मावशीचा चेहरा मला दिसला, गाडी चुकलेल्या माणसाचा. मी हसले असते, पण पुढची गाडी दहाला होती आणि माझे साडेदहा तिने गाठले नसते.

मी फोन काढला. माझी यादी मला फोनवरही उघडता येई. सावंतवाडीला जाणारं आज कोणी आहे का? नाही. अर्थात नाही. टिचक्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही हे मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. मग मी लोणच्याच्या बरणीसाठी ठेवलेला दुसरा रकाना उघडला, गाडी किती चालली त्याचा. बँकवाले काका, कुडाळ, पन्नास. कुडाळ, पन्नास. एक मंगळवार सोडून पुढचा मंगळवार, कुडाळ, शहाण्णव. परत एक मंगळवार सोडून, कुडाळ, शहाण्णव.

कुडाळला जाऊन येऊन पन्नासच होतात. शहाण्णव होतात ते सावंतवाडीला. काकांनी जागा खोटी सांगितली होती, पण आकडा खोटा लिहायला हात धजावला नव्हता. बँकेत गेलेला जन्म.

मी कोपऱ्यापर्यंत गेले. गाडी तिथे झाडाखाली उभी होती आणि काका मान मागे टाकून झोपल्याचं सोंग करत होते. सावंतवाडीकडे जायचं तर स्टँडसमोरूनच जावं लागतं, म्हणून आम्ही दोघी तिथून हलण्याची ते वाट बघत होते. आता फक्त जवळ जाऊन काचेवर टकटक करायची आणि विचारायचं. म्हणजे जे टाळण्यासाठी मी महिनाभर प्रोग्राम लिहिला, नेमकं तेच. मी भिंतीआड उभी राहिले आणि कम्प्युटरतर्फे निरोप पाठवला: ‘बदल. कुडाळ स्टँडवरून दोन प्रवासी. पुढे सावंतवाडी. ताबडतोब.’

गाडीत फोन वाजला. काकांनी तो लांब धरला. मग नाकाशी नेला. मग पुन्हा लांब. मग काच खाली करून इकडे तिकडे पाहिलं आणि मी दिसले.

“बाय! हय ये गो. ह्या कम्प्युटरान काय पाठवल्यान ता वाच बगुया. माझो चष्मो घराक रवलो.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी फोन हातात घेतला. माझंच वाक्य. मला ते पुटपुटायचं होतं, पण शेजारून टेंपो जात होता. काका म्हणाले, “मोठ्यान वाच.” मी मोठ्याने वाचलं. ‘सावंतवाडी’ हा शब्द कुडाळच्या भर रस्त्यात माझ्या तोंडून बाहेर पडला. मागे चपला वाजल्या. मावशी येऊन उभी होती.

“दोन प्रवासी कोण?” काकांनी विचारलं.

‘ते लिहिलेलं नाही’ असं म्हणता आलं असतं. घड्याळात नऊ वीस झाले होते.

“एक मी,” मी म्हणाले. “माका सावंतवाडेक जावचा आसा. साडेधाच्या आत.”

कोणी हसलं नाही. मावशीने माझ्याकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं, मागचं दार उघडलं आणि आत बसली.

“माझा थय काय काम नाय,” ती म्हणाली. “पण कम्प्युटर दोन म्हणता तर दोन.”

“माझापण काय नाय,” काका म्हणाले. “पण तेणा सांगल्यान तर जावकच व्हया.”

“बरोबर,” मी म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

हायवेला लागल्यावर काका म्हणाले, “बाय, तू फुडे बसलंस ता बरा झाला. समोर ट्रक आसा काय टेंपो?”

म्हणजे काकांना समोरचं दिसत नव्हतं. गावचा रस्ता त्यांना वळणासकट पाठ होता, म्हणून इतके दिवस कोणाला कळलं नव्हतं. हायवेवर ते आजवर एकटेच जात, आणि तिथे पाठांतर चालत नाही. गाडी थांबवायला सांगावं तर साडेदहा गेले. न सांगावं तर आम्ही तिघं. शेवटी मी म्हणाले, “काका, एकदम डाव्या कडेने, तीसच्या वर नाही, आणि मी सांगते तसंच.” आणि मी सांगत सुटले. ट्रक आहे, जाऊ दे त्याला. पुढे म्हशी, थांबा. दुचाकी, उलटी येतेय, हॉर्न द्या. अजून हॉर्न. जन्मात मी इतकं सलग बोलले नव्हते, आणि तेही ओरडून. मागे मावशीने डोळे मिटून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ह्यो गाडयेवालो, ह्येची नजर तू हो रे म्हाराजा...”

गाऱ्हाण्याला कोणीतरी होकार द्यावा लागतो, नाहीतर ते पुरं होत नाही. काकांचं लक्ष रस्त्यावर, उरले मी.

“होय म्हाराजा!” मी ओरडले. “काका, ब्रेक!”

दहा वाजून बावीस मिनिटांनी मी शाळेच्या फाटकात होते. घसा तापलेला, केस विस्कटलेले. आत तिघे बसले होते. त्यांनी कम्प्युटरचं फारसं विचारलं नाही. मधल्या बाई म्हणाल्या, “मुलं दंगा करतात. आवाज पोचेल का तुमचा?” मी उत्तर दिलं तेव्हा शेजारच्या वर्गातली कुजबुज थांबली. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. “मालवणकडून रोज वेळेवर कशा येणार?” मी गाड्यांचं सगळं सांगितलं, पिंपळ, ओलं सामान, लोणच्याची बरणी. “हे चालवतं कोण?” त्यांनी विचारलं. आजपर्यंत या प्रश्नाला मी ‘गट’ म्हणत आले होते. “मी,” मी म्हणाले. बाईंनी दोघांकडे पाहिलं. सोमवारपासून या, म्हणाल्या, एक सत्र बघू.

दुपारी तलावाच्या काठावर काका आणि मावशी बाकावर बसलेले सापडले. काकांच्या डोळ्यांना काळा चष्मा. गाडी दिसत नव्हती.

“गरम झाली,” काका म्हणाले. “ठेवलंय हयच. म्हयनोभर ऱ्हवांदे.” दर दुसऱ्या मंगळवारी ज्यांच्याकडे ते जात त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून दम दिला होता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

“माझ्या वळखीचा घर आसा,” मावशी घाईने म्हणाली. “अंगण मोठा आसा. मी येवन-जावन बगीन गाडयेक.” त्या घरात तिच्या मुलीसाठी पाहिलेला मुलगा होता, हे मला पुढे त्यांच्या लग्नाच्या पंगतीत कळलं.

परत आम्ही तिघं एसटीने आलो. जाताना विचारत नाहीत, पण येताना विचारायला हरकत नसते.

“झाला काम?” मावशीने काकांना विचारलं.

“झाला. तुजा?”

“झाला.” मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. “दात?”

“ऱ्हवलो जाग्यार,” मी म्हणाले. मालवणीत. यावेळी मात्र दोघं पोट धरून हसले.

त्या संध्याकाळी काकांची गाडी मी यादीतून काढली आणि त्यांना कम्प्युटरचा निरोप पाठवला: गाडीला विश्रांती, आपण प्रवासी, पुढची सीट राखीव. अक्षरं मोठी केली. मग फॉर्ममधले चारही चौकोन पुसून टाकले आणि त्या जागी एकच रकाना ठेवला: किती किलोमीटर? दुसऱ्या दिवसापासून गावाने न लाजता खरं लिहायला सुरुवात केली. पंचवीस. पंचवीस. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसवाले इतके निघाले की मला रोज एक गाडी थेट सावंतवाडीला लावता आली.

रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा त्या गाडीसाठी मी स्वतःचा आकडा भरला. काकी यादी बघायला आली. पापलेटचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, चुलीवर होतं, हात हळदीचे, म्हणून तिने कोपरानेच स्क्रीन वर सरकवली. माझ्या ओळीवर थांबली. मामाला फोन अजून केला नव्हता.

“मंगळवारी कुडाळाक जाताना फायल न्हेललंस,” ती म्हणाली. “तेवाच माका समाजला.”

“मग विचारलं का नाहीस?”

“भायर सरत होतंस मां तू.” ती चुलीकडे वळली. “आता घरात आसंस, आता इचारतंय. उद्या डब्याक काय देव?”